ब्रेन डेड माणूस शरियतनुसार मेलेला असतो का?

मेहरूणकर

धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी जळगावात डायलिसिसला टेक्निशियन आहे. यावल, चोपडा, एरंडोल, धरणगावहून माणसं पहाटेच्या एसटीने येतात, चार तास मशीनला पडतात आणि पुन्हा एसटी धरतात. त्यात आमच्या समाजाचेही बरेच. सुई लावताना गप्पा होतात. किडनीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "यादीत नाव घातलंय, बघू अल्लाह काय करतो." आणि मशीन सुरू झालं की तोच माणूस हळूच विचारतो, "पण आपल्यात द्यायला मनाई आहे ना?" घ्यायच्या रांगेत उभा आहे आणि द्यायचं म्हटलं की अडतो. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. शंका खरी आहे, तिचं नीट उत्तर त्याला कोणी दिलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. मध्यंतरी आमच्या ओळखीतला एक तरुण हायवेवर गाडीवरून पडला. हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ब्रेन डेड सांगितलं, आणि थोड्याच वेळात अवयवदानाबद्दल बोलायला एक बाई आल्या. घरच्यांनी नाही म्हटलं. त्यानंतर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फतव्यांचा पाऊस. एकात हराम, दुसऱ्यात जायज, दोन्हींवर मोहर.

मी ते दोन्ही दोनदा वाचले. दोन्ही एकाच प्रश्नावर भांडत होते: मेल्यावर अवयव द्यावेत की नाही. त्या घरातली माणसं मात्र त्या प्रश्नापर्यंत पोचलीच नव्हती. आई विचारत होती, "मेला कुठे?" पोराची छाती वरखाली होत होती, हात गरम होता, लघवीची पिशवी भरत होती. ती नर्सला म्हणाली, "मय्यतीची पिशवी बदलतात का कधी?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, ना डॉक्टरांकडे, ना आमच्या जमातीतल्या मोठ्यांकडे.

माझं म्हणणं एवढंच: प्रश्न दोन आहेत. मेला का, हा पहिला. द्यावं का, हा दुसरा. पहिला सुटायच्या आत दुसरा विचारला की घरचे नाहीच म्हणणार, मग ते मुसलमान असोत की लेवा पाटील. जाणकारांनी दोन्हींवर वेगवेगळं लिहावं ही विनंती.

अमळनेरी

आमना गावमा बी हाईच शे भाऊ. आमच्याकडे फतवा नाही, म्हातारी माणसं आहेत. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्मतो म्हणे. माझ्या काकांनी फॉर्म भरून ठेवला होता, ऐन वेळी आत्याने तो उशीखालून काढून चुलीत घातला. त्यामुळे फक्त मुसलमानांना बोल लावू नये.

वाचतोय.

आयसीयू_धुळे

पहिल्या प्रश्नावर लिहिते, तो माझ्या कामाचा भाग आहे.

हृदयाला स्वतःचा ठेका असतो. मेंदूने हुकूम दिला नाही तरी ऑक्सिजन मिळेतोवर ते चालतं. ऑक्सिजन व्हेंटिलेटर देतो. त्यामुळे छाती हलते, अंग गरम राहतं, किडनी लघवी बनवते. त्या आईने जे पाहिलं ते सगळं खरं होतं. जे दिसत नव्हतं ते मेंदूच्या देठात, ब्रेनस्टेममध्ये. श्वासाचं आणि जागं राहण्याचं केंद्र तिथे असतं.

तपासणी अशी. आधी खात्री करायची की बेशुद्धीचं कारण माहीत आहे आणि ते औषध, थंडी किंवा रक्तातल्या क्षारांचा बिघाड नाही. झोपेचं औषध चालू असेल तर तपासणीच करायची नाही. मग बुबुळांवर उजेड, डोळ्याला कापसाचा स्पर्श, कानात बर्फाचं पाणी, घशात नळी हलवून खोकला येतो का ते बघणं. शेवटी अ‍ॅप्निया टेस्ट: नळीतून ऑक्सिजन सोडत ठेवून व्हेंटिलेटर काढायचा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू द्यायचा. तो ६० च्या वर गेला तरी एकही श्वास नाही, तर श्वासाचं केंद्र गेलं. हे सगळं कमीत कमी सहा तासांनी पुन्हा करायचं.

आपल्याकडचा अवयवदानाचा कायदा १९९४ चा, दुरुस्ती २०११ ची. चार डॉक्टरांच्या सह्या लागतात: रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर, सरकारमान्य यादीतला एक तज्ज्ञ, न्यूरोचा डॉक्टर आणि उपचार करणारा. अवयव काढणाऱ्या किंवा बसवणाऱ्या टीममधला कोणी त्यात चालत नाही.

एक गोष्ट नातेवाइकांना आम्ही आधी सांगत नाही आणि नंतर गोंधळ होतो. ब्रेन डेड पेशंटचा हात किंवा बोटं कधीकधी हलतात. ते मणक्यातून होतं, मेंदूचा त्यात काही संबंध नाही. पण मुलाचं बोट हललेलं बापाने पाहिलं की तुमच्या चार सह्या गेल्या खड्ड्यात.

शंकासूर

डॉक्टरताई, माफ करा, पण गावात एकच बोललं जातं: "किडनीसाठी लवकर मारतात." बिल भरायला पैसे नसले की ब्रेन डेड, पैसे असले की पंधरा दिवस व्हेंटिलेटर. यावर काय म्हणाल?

आयसीयू_धुळे

म्हणेन की दुसरा भाग मी पूर्ण नाकारत नाही. पहिला नाकारते. अवयव काढायला रुग्णालयाची नोंदणी लागते, नोंद होते, अवयव कोणाला जाणार हे वरची समिती यादीप्रमाणे ठरवते. उगाच कोणाला ब्रेन डेड ठरवून रुग्णालयाच्या हाती काही लागत नाही, कटकटच जास्त. आपल्याकडची खरी अडचण उलटी आहे: ब्रेन डेड पेशंट असतात, पण तपासणीच होत नाही.

तालिबइल्म

अस्सलामु अलैकुम. मी मुफ्ती नाही. मदरशात शिकलो, सध्या सावद्याला दुकान आहे. वाचलेलं लिहितो, फतवा समजू नये.

मेहरूणकर भाईंनी दोन प्रश्न वेगळे केले ते बरं केलं. उलेमांतही ते वेगळेच आहेत, फक्त फॉरवर्डमध्ये एक होतात.

पहिला प्रश्न. जुन्या फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, किताबांत मौतच्या खुणा दिल्यात: श्वास थांबणं, पाय सैल पडणं, नाक वाकडं होणं, कानशिलं आत जाणं. या सगळ्या बाहेरून दिसणाऱ्या. कारण रूह (आत्मा) कधी निघते हे डोळ्याला दिसत नाही. कुरआनात रूहबद्दल विचारणाऱ्यांना सांगितलंय की ती माझ्या रबच्या हुकमातली बाब आहे आणि तुम्हाला इल्म थोडंच दिलंय (सूरा १७, आयत ८५). म्हणून आजचा वाद खुणांवर आहे: मेंदू गेला ही नवी खूण धरायची का?

१९८६ साली जॉर्डनमधल्या अम्मानला जगभरच्या मुस्लिम देशांची फिकह अकादमी बसली. त्यांनी सांगितलं की माणूस दोनपैकी एका प्रकारे मेला असं धरावं. एक, हृदय आणि श्वास पूर्ण थांबले आणि परत येणार नाहीत असं डॉक्टरांनी ठरवलं. दोन, मेंदूची सगळी कामं कायमची थांबली आणि मेंदू विरघळायला लागला. दुसऱ्या प्रकारात यंत्रावर हृदय चालू असलं तरी यंत्र काढता येतं.

पुढच्याच वर्षी, १९८७ ला, मक्केच्या फिकह परिषदेने हाच प्रश्न घेतला आणि थोडी वेगळी वाट धरली. तीन तज्ज्ञ डॉक्टरांनी मेंदू कायमचा गेला असं सांगितलं तर यंत्र काढायला हरकत नाही. पण मौत तेव्हाच धरायची जेव्हा यंत्र काढल्यावर हृदय आणि श्वास थांबतील.

फरक बारीक दिसतो, परिणाम मोठा आहे. अम्मानच्या हिशेबाने ब्रेन डेड माणसाचं धडकतं हृदय, लिव्हर, किडनी सगळं देता येतं. मक्केच्या हिशेबाने यंत्र काढून थांबावं लागेल, आणि हृदय बंद पडल्यावर त्यातलं बरंचसं कामाचं राहत नाही. घरच्यांच्या हातात जो फतवा असेल तो कुठल्या वाटेचा आहे ते आधी बघावं.

ब्रेन डेथ मान्य करणारे एक जुना दाखला देतात. फिकहमध्ये एक हालत आहे, जबह केलेल्या जनावराच्या तडफडीसारखी. मान कापलेली कोंबडी अंगणात धावते, पण ती जिवंत आहे असं कोणी म्हणत नाही. माणूस त्या हालतीला पोचला तर किताबांतले काही हुकूम त्याला मेलेल्यासारखे लागतात. न मानणारे म्हणतात की तो दाखला खुनाच्या मुकदम्यांचा आहे, यंत्रावरच्या पेशंटला कसा लावणार? मला दोन्हींत वजन वाटतं, खरं सांगायचं तर.

दुसरा प्रश्न रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

केळीवाला_रावेर

इतकं नीट कोणी पहिल्यांदा लिहिलं. आमच्याकडे जीव कधी गेला हे ठरवायला भटजी लागत नाही म्हणून आम्हाला वाटतं आमचा प्रश्न सुटलाय. सुटलेला नाही. आम्ही तो विचारलाच नाही.

व्यवस्थापन

तीन प्रतिसाद उडवले आहेत. विषय अवयवदानाचा आहे, निवडणुकीचा नाही.

तालिबइल्म

पुढे. द्यावं का?

मनाई करणाऱ्यांची दलील दोन खांबांवर उभी आहे. शरीर अल्लाहची अमानत आहे, आपली मालमत्ता नाही, मग जे आपलं नाही त्याची वसीयत कशी करणार? आणि हदीस आहे, म्हणजे पैगंबरांचं वचन, अबू दाऊदच्या संग्रहात: मृताचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखं. देवबंदच्या मदरशाचा कल या बाजूला राहिलाय. आपल्या भागात बहुतेक मशिदींचे इमाम देवबंदी नाहीतर बरेलवी, म्हणजे हनफी पंथाचे, त्यामुळे "मनाई आहे" हे वाक्य हवेतून आलेलं नाही.

परवानगी देणारे सूरा ५ ची ३२ वी आयत पुढे करतात, एक जीव वाचवला त्याने जणू सगळी माणसं वाचवली. आणि उसूल सांगतात की जरूरत मनाई केलेल्या गोष्टीला वाट करून देते, दोन नुकसानांतलं कमी नुकसान घ्यावं. सौदीच्या मोठ्या उलेमांनी १९८२ ला परवानगी दिली. अम्मानवाल्याच अकादमीने १९८८ ला जेद्दात अटी घालून दिली: दुसऱ्याचा जीव किंवा शरीराचं मूळ काम त्यावर अवलंबून असावं, मरणाऱ्याने जिवंतपणी किंवा वारसांनी नंतर संमती द्यावी, आणि पैशाचा व्यवहार बिलकूल नको. इंग्लंडमध्ये १९९५ ला तिथल्या शरिया कौन्सिलने ब्रेनस्टेम डेथही मानली. इराणने २००० साली कायदाच केला, पण ते शिया, त्यांची वाट वेगळी.

आपल्या देशात काझी मुजाहिदुल इस्लाम कासमी यांनी उभी केलेली इस्लामिक फिकह अकादमी आहे. १९८९ च्या तिच्या निर्णयात जिवंत नातेवाइकाने नातेवाइकाला किडनी द्यायला अटींसह वाट आहे. पण "मेल्यावर माझे अवयव द्या" ही वसीयत शरियतनुसार वसीयत धरली नाही. म्हणून आपल्याकडे चित्र असं झालं की भाऊ भावाला देतो, त्यावर मौलानाही फारसं बोलत नाहीत, आणि मय्यतीचं नाव काढलं की सगळे गप्प.

एक गोष्ट डॉक्टरताईंना विचारायची आहे. अम्मानचा मजकूर मेंदूच्या "सगळ्या" कामांबद्दल आहे. तुमचा कायदा फक्त देठ बघतो. मग अम्मानचा फतवा दाखवून भारतात सही घेणं बरोबर होईल का?

आयसीयू_धुळे

हा प्रश्न आमच्या परिषदांतही इतक्या सरळ कोणी विचारत नाही.

बरोबर आहे, भारताने इंग्लंडची पद्धत घेतली, ब्रेनस्टेमची. अमेरिकेचा कायदा पूर्ण मेंदू म्हणतो, पण पलंगाजवळच्या तपासण्या जवळपास त्याच. देठ गेला की जाग कायमची जाते आणि श्वासही. तपासणी नियमाने झाली असेल तर त्यातून कोणी परत येत नाही. पण "मेंदूतल्या प्रत्येक पेशीचं काम थांबलं" असं मी लिहून देऊ शकत नाही. काही पेशंटमध्ये मेंदूतून हार्मोन थोडे सुटत राहतात. कोणाला खात्री वाढवायची असेल तर मेंदूतलं रक्त थांबलंय का हे दाखवणारी तपासणी असते, कायद्याने ती सक्तीची नाही. घरच्यांनी मागितली तर मी नाराज होणार नाही. माझे काही सहकारी होतील.

तालिबइल्म

जजाकल्लाह. हे उत्तर लिहून मुफ्तीसाहेबांपुढे ठेवण्यासारखं आहे.

तडवी_मास्तर

यावल तालुक्यातून. सातपुड्याच्या पायथ्याला आमची तडवींची गावं. तुमची चर्चा मोठी आहे, आमची अडचण साधी: मय्यत घरात ठेवत नाहीत. माणूस गेल्याचा फोन आला की एकीकडे कबर खोदायला पोरं निघतात, दुसरीकडे कफनाचं कापड आणायला माणूस यावलला जातो. आता तुम्ही म्हणता सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या, मग पोलिसांचे कागद, मग बाहेरगावची टीम. म्हणजे दीड दिवस. तेवढा वेळ कबर उघडी ठेवून लोक बसणार? फतवा जायजचा आणला तरी गावातली म्हातारी माणसं "मय्यतीला ताटकळत ठेवलं" म्हणूनच बोलतील.

मेहरूणकर

मास्तर, पण अपघातात पोस्टमॉर्टेम होतंच. तिथेही मय्यत ताटकळते आणि चिरफाडही होते. ती आपण सोसतो.

तडवी_मास्तर

सोसतो कारण पोलीस विचारत नाहीत. विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतं. जबरदस्तीने झालं त्याचा गुन्हा आपल्यावर येत नाही, सही केली तर येतो. माणसाला सहीची भीती असते, भाई.

मोमीन_धुळे

मास्तरांचं खरं आहे. मी दुसऱ्या बाजूने सांगतो. मी मय्यतीला गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, देतो, वडिलांपासून आमच्याकडे हे काम आहे. लोक विचारतात, अवयव काढलेल्या मय्यतीला गुस्ल होतो का?

होतो. पोस्टमॉर्टेमची मय्यत येते तेव्हा छातीपासून खालपर्यंत टाके असतात, सुतळीसारखा जाड दोरा, कधी घाईत घातलेला. तिथून पाणी आत जाऊ नये म्हणून आधी कापूस दाबतो, वरून प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी. मग नेहमीसारखं, उजवी बाजू आधी, कोमट पाणी, बोरीची पानं असली तर ती, शेवटच्या पाण्यात कापूर. ओलं झालंच तर कफनाच्या आत एक जादा कापड. नमाजला उभे राहणाऱ्यांना काही कळत नाही. एकदा बाहेरून अवयव दिलेली मय्यत आली होती, तिचे टाके पोस्टमॉर्टेमच्या टाक्यांपेक्षा बारीक आणि सरळ होते. त्यांनी वेळ घेऊन शिवलं होतं.

जायज की नाजायज ते मोठ्यांनी सांगावं. गुस्ल होत नाही म्हणून नाही म्हणू नका, तेवढंच.

रावेरची_सून

फार दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

माझ्या नवऱ्याला मी किडनी दिली. सासर रावेरचं, माहेर बऱ्हाणपूरकडचं. तेव्हा सासरच्या एकाही माणसाने हराम-हलाल विचारलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "बीवी आहे, तिचं कामच आहे." दीर होता, धडधाकट, रक्तगट जुळत होता. त्याची तपासणीसुद्धा केली नाही, त्याचं लग्न व्हायचं होतं.

मग त्याच घरात टीव्हीवर अवयवदानाची बातमी लागली की सासरे म्हणायचे, हे आपल्यात चालत नाही, अमानत आहे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. माझी अमानत नव्हती का?

तालिबइल्म भाई, तुमच्या उलेमांच्या बैठकांत बायका किती असतात? जिवंतपणी देणाऱ्यांत त्याच जास्त असतात, म्हणून विचारलं.

तालिबइल्म

बहन, जवळजवळ नसतात. याला माझ्याकडे दलील नाही.

शंकासूर

माझ्या प्रतिसादावर चिडून मला दोन मेसेज आले, ते राहू दे. एक विचारायचंय: ब्रेन डेडचा इतका घोळ असेल तर ज्यात घोळच नाही असं काही देता येत नाही का?

मेहरूणकर

येतं की. डोळ्याचा कॉर्निया. तो हृदय थांबल्यावर, घरी मेलेल्या माणसाचाही घेता येतो, साधारण सहा तासांच्या आत. यंत्र नाही, चार सह्या नाहीत. पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद आणि नेत्रपेढीला फोन. मास्तरांच्या कबरीलाही उशीर होत नाही. म्हणजे तिथे पहिला प्रश्नच निघत नाही, फक्त दुसरा उरतो.

कराचीचे समाजसेवक अब्दुल सत्तार एधी २०१६ ला गेले. सगळेच अवयव द्यायची त्यांची इच्छा होती, आजारपणामुळे डोळेच उपयोगी पडले. ते दिले गेले. पाकिस्तानात वर्षानुवर्षं श्रीलंकेहून कॉर्निया यायचे, देणारे बहुतेक बौद्ध. ते बसवून घेताना कोणी फतवा शोधला नाही. मला हे टोचतं. तिथलंच नाही, आपल्या डायलिसिसच्या खोलीतलंही.

बरं, काम सांगतो. आमच्या इथे एका मुफ्तीसाहेबांनी वेळ दिलाय. प्रश्न लेखी मागितलेत, तोंडी नकोत म्हणाले. आतापर्यंत चार काढलेत. १. व्हेंटिलेटरवर ब्रेनस्टेम गेलेला माणूस: मौत कधी धरायची, गुस्ल-जनाजाची तयारी कधीपासून? २. अम्मान आणि मक्का यांतलं हनफी माणसाने काय घ्यावं? ३. कॉर्निया. ४. पोस्टमॉर्टेम होणारच असेल तर त्याच वेळी अवयव काढण्यात वेगळा गुन्हा आहे का? डॉक्टरताईंचं उत्तर दुसऱ्याला जोडतो. आणखी कोणाचे असतील तर टाका.

जामनेरची_नर्स

पाचवा माझा. घरच्यांनी दानाला नाही म्हटलं, तर पुढे काय? व्हेंटिलेटर कधी काढायचा, कोणाच्या सांगण्यावरून? मी ज्या आयसीयूत होते तिथे नकार आला की सगळे हात वर करायचे. यंत्र चालू, बिल चालू, चार-सहा दिवसांनी हृदय आपोआप थांबायचं. तोवर भाऊ-भाऊ भांडायचे, की काढलं तर आपण मारल्यासारखं होईल.

आयसीयू_धुळे

ती पोकळी खरी आहे. अवयवदानाच्या कायद्यात ब्रेनस्टेम डेथ नीट बसते, दान नसेल तर काय याबद्दल तो बोलत नाही, त्यामुळे डॉक्टर घाबरतात. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे आणि २०२३ ला त्याची पद्धत सोपी केली: रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं एक मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, दोघांचं एकमत आणि घरच्यांची संमती. त्या वाटेने यंत्र काढता येतं. लहान रुग्णालयांत ही मंडळं फारशी कोणी बसवत नाही.

तालिबइल्म

नर्सताई, यात एक बरी गोष्ट आहे. अम्मान आणि मक्का मौतच्या वेळेवर भांडतात, पण मेंदू गेल्यावर यंत्र काढायला दोघांचीही परवानगी आहे. म्हणजे काढलं तर मारलं, ही भीती त्या दोन्ही निर्णयांत नाही. मुफ्तीसाहेबांचं मत वेगळं निघालं तर तेही इथे लिहीन.

मेहरूणकर

पाचवा घेतला, आणि तो सगळ्यात वर लिहितो. आमच्याकडच्या त्या घरात भांडण दानावरून झालंच नव्हतं, याच्यावरून झालं. उत्तरं आली की याच धाग्यावर टाकेन, नवा काढणार नाही.